फोटोमागची हिरवी भिंत

घर विकायचं म्हणजे ते आपलं नाही असं आधी दाखवावं लागतं, हे मला ब्रोकरने शिकवलं. आयुष्यभर सरकारी ऑफिसात फायली सरकवल्या, पण इतकं चमत्कारिक काम मला कोणी सांगितलं नव्हतं. "मॅडम, बायर को अपना घर दिखना चाहिए, आपका नहीं," असं म्हणत तो आमच्या दिल्लीच्या द्वारका भागातल्या फ्लॅटभर फिरला आणि काय काय दिसायला नको ते बोटाने दाखवत गेला. मी मागे मागे, कंबरेवर हात ठेवून.

घाई आम्हालाच होती. नवऱ्याची छाती. गेल्या हिवाळ्यात दिल्लीच्या धुराने त्याला सरळ दवाखान्यात नेऊन टाकलं. नाकाला नळ्या लावून पडला होता आणि मी बाहेर बाकावर बसून या शहराला मनातल्या मनात शिव्या घालत होते. घरी सोडताना डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पुढचा हिवाळा इथे काढू नका. नागपूरला आमची माणसं आहेत, तिथे श्वास तरी घेता येतो. म्हणजे दिवाळीच्या आत फ्लॅट विकून निघायचं. नवऱ्याने मान डोलावली आणि मी कंबर कसली.

तर ब्रोकरचं मी ऐकलं, खोटं कशाला बोलू. बाल्कनीतल्या कपड्यांच्या दोऱ्या काढल्या. मुलीचं शाळेपासूनचं सगळं सामान माळ्यावरून उतरवून कबाडीवाल्याच्या हवाली केलं. बाथरूमच्या भिंतीची ओल प्लंबरकडून नीट करून घेतली, पडदे पांढरे लावले, गळका नळ बदलला. बघणारे यायच्या दिवशी मटण नको, वास येतो, म्हणाला. वास यायलाच हवा, नाहीतर मसाला भाजायचा कशाला? पण तेही ऐकलं. रविवारी सकाळी मी दुधीची भाजी केली आणि नवऱ्याने माझ्याकडे असं बघितलं की मलाच माझी दया आली.

मग एक दिवस ब्रोकर हॉलच्या मोठ्या भिंतीपाशी थांबला.

तिथे दोन गोष्टी होत्या. खाली छोट्या टेबलावर पांढरी बुद्धमूर्ती, आणि तिच्यावर भिंतीवर फोटो. आमच्या घरात नुसतं 'फोटो' म्हटलं की तो एकच. निळा कोट, चष्मा, हाताशी जाडजूड पुस्तक. नाव सांगायची गरज नाही, ओळखणारे दारातूनच ओळखतात. माझी आई दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जायची आणि मी दिल्लीत सेक्शन ऑफिसर म्हणून रिटायर झाले. या दोन गोष्टींच्या मध्ये जे काही घडलं, ते त्या फोटोतल्या माणसामुळे घडलं. एवढं पुरे आहे.

"बुद्धा रहने दीजिए," ब्रोकर म्हणाला. "बुद्धा तो बहुत चलता है आजकल, होटल में भी रखते हैं. बस वो ऊपर वाली फोटो, थोड़े दिन के लिए..."

"का?" मी मराठीतच विचारलं. राग आला की माझी हिंदी पळून जाते.

तो बिचारा हसला. वाईट माणूस नव्हता तो. म्हणाला, आतापर्यंत जे जे बघायला आले त्यांना घर आवडलं होतं. हवा, उजेड, मेट्रो जवळ, सगळं. मग हॉलमध्ये बसायचे, पाणी प्यायचे, वर बघायचे, आणि त्यानंतर फोन उचलायचे नाहीत. "मैं नहीं मानता ये सब, मॅडम. पर बायर मानता है."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याला सांगितलं की खालचे आणि वरचे, दोघं एकत्रच राहतात. एकाला ठेवून दुसऱ्याला काढायचं असेल तर तू दुसरं घर बघ विकायला. त्याला किती कळलं कोण जाणे, पण सूर कळला. "अच्छा, अच्छा," करत गेला.

मला राग यायला कारण होतं. आम्ही दिल्लीत नवे होतो तेव्हा मुनिरक्यात एका खोलीत भाड्याने राहायचो. घरमालकीण कधीही दार ढकलून आत यायची, गॅस बंद केलाय का बघायला. तिने खोली देतानाच विचारलं होतं, कौन लोग हो. आम्ही म्हणालो, महाराष्ट्र से. त्यावर तिने मान हलवली आणि आम्ही मूग गिळून बसलो. तेव्हा हाच फोटो, काचेशिवाय, ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवलेला असायचा. रोज सकाळी ट्रंक उघडायची, हात जोडायचे, ट्रंक बंद करायची. स्वतःच्याच घरात चोरासारखं. हा फ्लॅट ताब्यात मिळाला त्या दिवशी गॅस यायच्या आधी आम्ही खिळा ठोकला, आणि दोघांनी ठरवलं, आता हा वर गेला तो गेला, पुन्हा खाली यायचा नाही.

आणि आला नाही. मध्ये एकदा घराला रंग दिला, तेव्हासुद्धा नाही. बिल्डरने दिलेला पिस्ता हिरवा रंग मला बघवत नव्हता, म्हणून सगळं घर क्रीम करून घेतलं. पेंटर म्हणाला, फोटो उतारो. मी म्हटलं, कडेकडेने मार. तो पुटपुटत कडेकडेने मारत राहिला. शहाणपणाचं काम नव्हतं ते, पण आम्ही आहोत तसे आहोत.

मुलगी बंगळूरला असते. तिला फोनवर सगळं सांगितलं तर म्हणाली, "आई, प्रॅक्टिकल हो ना यार. तुम्ही तिथून निघताय. बाबांची तब्येत बघ. आठवडाभर फोटो नसेल तर काय बिघडतं?" दिल्लीतच जन्मलेली, वाढलेली पोर, तिला वाटतं फोटो म्हणजे फोटो. मी म्हटलं, बिघडतं. ती म्हणाली, बाबांना दे फोन. मी दिला, आणि बाहेर जाऊन तारेवरच्या, सॉरी, स्टँडवरच्या कपड्यांच्या घड्या घालत बसले. आत ते दोघं हळू आवाजात बराच वेळ बोलत होते.

त्याच आठवड्यात ब्रोकरने एक जोडपं आणायचं ठरवलं. पक्कं गिऱ्हाईक, म्हणाला. त्यांनाही घाई आहे. सकाळी मी खाली किराणावाल्याकडे रिकामी खोकी आणायला गेले. परत आले तर नवरा सोफ्यावर बसून धापा टाकत होता, शेजारी स्टूल, आणि भिंतीवर फोटो नव्हता.

फोटोच्या जागी होता हिरवा रंग. पिस्ता हिरवा, अगदी नवा कोरा, काल दिल्यासारखा. एवढ्या मोठ्या क्रीम भिंतीत तेवढाच चौकोन. रंग कडेकडेने मारला होता हे मी विसरले होते आणि तोही विसरला होता.

"कुठे ठेवलास?" मी विचारलं.

"दिवाणात. चादरीत गुंडाळून."

"कोणाला विचारून?"

त्याला दम खाऊ द्यायला हवा हे मला कळत होतं आणि तरी माझं तोंड थांबत नव्हतं. ट्रंकेत होता, आता दिवाणात घातलास, असं काहीतरी मी बोलले. जे बोलले ते लागेल असंच बोलले. मग तो म्हणाला, "मला भीती वाटते गं. मला पुढचा हिवाळा इथे नाही काढायचा. मला मरायचं नाही इथे."

इतक्या वर्षांत तो मला भीती वाटते असं कधी म्हणाला नव्हता. मी खोकी खाली ठेवली. त्याच्यासमोर माझा सगळा ताठा पाणी झाला, आणि तेवढ्यात बेल वाजली.

जोडपं तरुण होतं, छान होतं. त्यांनी घर बघितलं, बाल्कनीत उभे राहिले, स्वयंपाकघरात नळ सोडून पाण्याचा जोर बघितला. तिने त्याला हळूच सांगितलं की इथे आपला डायनिंग टेबल बसेल. मला ऐकू आलं, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. चला, सुटलो, असंही वाटलं. ब्रोकर माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होता. मग सगळे हॉलमध्ये बसले आणि ती मुलगी त्या हिरव्या चौकोनासमोर जाऊन उभी राहिली.

"आंटी, यहाँ क्या था?"

साधा प्रश्न. तिच्या मनात काही नसेलही. ब्रोकर घाईघाईने म्हणाला, "पेंटिंग थी जी, बड़ी सी." तिने माझ्याकडे बघितलं. माझ्या जिभेवर उत्तर होतं, आणि मी ते गिळलं. मुनिरका सोडल्यापासून मी इतकी गप्प कधी बसले नव्हते. नवऱ्याच्या छातीसाठी बसले. त्याच्याकडे बघायची मात्र हिंमत झाली नाही, म्हणून जमिनीकडे बघत राहिले.

सोफ्याचा आवाज झाला. नवरा उठून आत गेला. दिवाणाची जड फळी उचलल्याचा आवाज आला, आणि मी धावले, कारण ती फळी त्याने उचलायची नाही असं मीच त्याला बजावून ठेवलं होतं. मी पोचेपर्यंत त्याने फोटो काढला होता. मला हात लावू दिला नाही. तसाच छातीशी धरून बाहेर आला, चादर सोडली आणि फोटो दोन्ही हातांनी हिरव्या चौकोनावर टेकवला. कडा तंतोतंत जुळल्या.

"ये था," तो म्हणाला. थांबला, श्वास घेतला. "पेंटिंग नहीं. ये था. मैंने आज सुबह उतारा. गलत किया."

मग तो तरुण म्हणाला, "अच्छा, अच्छा अंकल, बहुत बढ़िया," आणि घड्याळ बघितलं. मी चहा ठेवू का विचारलं. नको म्हणाले. घरी विचारून कळवतो म्हणाले. ती मुलगी जाताना दारातून एकदा वळून भिंतीकडे बघून गेली. ब्रोकर त्यांच्या मागे लिफ्टपर्यंत धावला. परत आला नाही.

मी स्टूलवर चढले आणि फोटो खिळ्यावर अडकवला. नवरा खाली उभा राहून डावीकडे, उजवीकडे सांगत होता. मग मी खाली उतरले आणि रडले. सौदा हातचा गेला म्हणून नाही. मला त्याचा इतका अभिमान वाटला की दुसरं काही सुचेना.

त्या जोडप्याचा फोन आला नाही, आम्हीही वाट बघितली नाही. मी ठरवलं की घर विकलं जायची वाट बघत याची छाती मी इथे जाळणार नाही. नागपूरला भाड्याचं घर घ्यायचं, हात आखडून राहायचं, हे घर विकलं जाईल तेव्हा जाईल. मुलगी म्हणाली, आई, वेडी आहेस का. मी म्हटलं, हो. यावेळी नवराही मागून म्हणाला, हो.

सामान ट्रकमध्ये भरलं. हमालाने फोटोला हात घातला तेव्हा आम्ही दोघं एकदम म्हणालो, तो राहू दे. ठरवलेलं नव्हतं काही, तसंच तोंडातून निघालं. बुद्धमूर्तीही तिथेच राहिली, फक्त टेबल न्यायचं होतं म्हणून जमिनीवर पाट ठेवून त्यावर बसवली. ब्रोकरच्या हातात किल्ली दिली आणि सांगितलं, सौदा होऊन कागदावर सह्या होईपर्यंत त्या भिंतीला हात लावायचा नाही. तो कपाळावर हात मारत म्हणाला, "मॅडम, पूरे खाली पड़े फ्लॅट में बस ये दो?" मी म्हटलं, "बिल्कुल. बस ये दो."

आता थंडी पडली आहे. नागपुरात आम्ही सकाळी स्वेटर घालून फिरायला जातो, आणि मी मागे पडते, तो नाही. परवा फिरून आलो तेव्हा ब्रोकरचा फोन आला. एक गिऱ्हाईक अगदी तयार आहे, परवानगी असेल तर घर दाखवण्यापुरता फोटो कपाटात ठेवतो, तासाभराने परत लावतो, त्यांना कळणारही नाही. मी फोनवर हात ठेवून नवऱ्याला विचारलं, काय सांगू. या खेपेला मला त्याच्या वतीने बोलायचं नव्हतं.

तो बूट काढत होता. वर न बघता म्हणाला, "सांग त्याला, घर घ्यायचं असेल तर कोणाचं होतं ते बघूनच घ्या म्हणावं."