वारेमास्तरांचं सूत

वारेमास्तर फवारणीचा पंप पाठीला लावण्याआधी काठीला बांधलेलं हातभर सूत हवेत धरायचे. सूत सरळ लोंबलं तरच काम. जरा हललं की पंप खाली. "वारो खंयचो, ता आधी बघूक व्हया," म्हणायचे. मुलुंडच्या एका क्लबाचं मैदान त्यांच्या हवाली होतं, आणि भिंतीपलीकडे खंडानं घेतलेली माझी टोमॅटोची वाडी.

तण औषधानं मारायचं हेच तेव्हा नवं होतं. टेनिस कोर्टाच्या कडेला ते एक पांढरं मीठ पाण्यात कालवून ओतत. त्यानं मुळापासून सगळं मरायचं आणि तिथं वर्षभर काही उगवायचं नाही. ते पाणी कपड्यांवर वाळलं की ठिणगीनंही भडकतं, हे मला काय माहीत? एकदा त्यांच्याजवळ उभं राहून विडी पेटवली, तर चार माणसांदेखत त्यांनी ती माझ्या तोंडातून उडवली. "मेल्या, जळान मरशीत, आणि माका पण जाळशीत!" माझं डोकंच फिरलं. तो राग मी जपून ठेवला.

सोमलाचं जहाल विषारी औषध त्यांच्याकडे कुलपात असे. ते जिथं लागेल तेवढंच पान जाळतं, पण तो पाला गुरानं खाल्ला तर गूर गेलंच. मात्र त्यांना सगळ्यात भीती वाटे ती हिरवळीवरच्या नव्या औषधाची. त्यानं गवताला काही होत नसे, रुंद पानाचं तण तेवढं मरे. "ह्या जाळीत नाय रे. वाढयता. झाड वेड्यासारख्या वाढता आणि वाढान वाढान मरता." असं म्हणून ते पाण्याच्या घोटासाठीसुद्धा तीनदा हात धूत. मी हसायचो.

त्या वर्षी टोमॅटोवर करपा आला. मोरचूद-चुना फवारायला माझ्याकडे पंप नव्हता, म्हणून मास्तरांचा मागितला. बाजारात मी भल्याभल्यांना वाकवलेलं, पण हा माणूस वाकेना.

"हंगामभर भाजी देतो, मास्तर."

"नको."

"धुऊन देईन की!"

"भायरसून धुशीत. त्याच्या पोटात काय रवला, ता तुका दिसतला?"

मला तो नुसता माज वाटला. त्यांच्या सुटीच्या दिवशी मी क्लबाच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याला टोपलीभर टोमॅटोंवर पटवलं. चार पोरींचा बाप, लगेच पटला. पंप माझ्या विहिरीवर पाच वेळा धुतला आणि सगळी वाडी फवारली.

दुसऱ्या दिवशी शेंडे खाली वळलेले. चौथ्या दिवशी देठ पिळवटले, नवी पानं दोऱ्यासारखी बारीक झाली. झाडं मरत नव्हती, वळवळत वाढत होती. मला ती बघवेनात. मग आठवलं, पंप धुतलेलं पाणी विहिरीच्या काठावरच ओतलं होतं. घरातली सगळी तेच पाणी पीत होती. बायकोच्या हातातला तांब्या मी हिसकावून घेतला. ती घाबरून बघत राहिली, आणि मी पाणी अंगणात ओतून दिलं.

भ्यालेला माणूस आधी दुसऱ्यावर ओरडतो. मी क्लबाच्या सेक्रेटरीकडे गेलो आणि तुमचं औषध वाऱ्यानं भिंतीवरून माझ्या वाडीत आलं, असं ठोकून दिलं. नवी रोपं आणि खत द्या, म्हणून भांडलो.

संध्याकाळी मास्तर वाडीत आले. एक पान चुरगाळून वास घेतला. मान वर न करता म्हणाले, "पंप कोणी दिल्यान?"

मी पहारेकऱ्याचं नाव सांगितलं. मग माझ्याच्यानं राहवेना. "मास्तर, विहीर..."

त्यांनी तुटक्या डब्यात माती भरली, घेवड्याचे दाणे पुरले आणि विहिरीचं पाणी घातलं. "कोंब सरळ इलो तर पाणी बरा. वाकडो इलो तर विहिरीक हात लावू नको. तोपर्यंत क्लबाच्या नळाचा पाणी पी."

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरीनं आम्हा दोघांना उभं केलं. दारात पहारेकरी पांढराफटक. सेक्रेटरीनं विचारलं, "मास्तर, तुम्ही फवारलंत तेव्हा वारा होता?"

आयुष्यभर सूत धरणारा तो माणूस. मला वाटलं, आता माझी वाट लागली. त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"वारो होतो, साहेब. माझा चुकला."

त्यांना त्याच दिवशी काढलं. मला रोपं मिळाली, खत मिळालं. तोंड उघडायला मला पुरेसा वेळ होता. मी उघडलं नाही.

सहाव्या दिवशी घेवडा वर आला. मी जमिनीवर पालथा पडून पाहिलं. कोंब सरळ होता. डबा घेऊन क्लबाकडे धावलो, तेव्हा त्यांच्या खोलीला कुलूप होतं. गावी गेले, असं कळलं. दाराशी सुताची काठी टेकवलेली होती.

माझा त्यांच्यावर अजून राग आहे. खरं बोलले असते तर मी भांडलो असतो, घासाघीस केली असती, काहीतरी तोड निघाली असती. त्यांनी मला भांडायलाच जागा ठेवली नाही. ती काठी आता माझ्या वाडीच्या दाराशी असते. पंप उचलण्याआधी मी सूत धरतो. पान हलत नसलं, तरी ते सूत माझ्या हातात सरळ लोंबत नाही.