मेल्यावर मिळालेला डायलॉग

गेल्या गुरुवारी मी दिवसभर मेलेला होतो... कोल्हापूरबाहेरच्या एका माळावर, शूटिंगसाठी. अंग अजून ठणकतंय, म्हणून पोस्टला उशीर झाला.

पिक्चर युद्धाचा, पण विनोदी. एका विनोदी कादंबरीवरून घेतलाय. तहाच्या जेवणात आधी कुणाच्या पानात वाढायचं यावरून दोन्हीकडचे साहेब भांडत बसतात आणि इकडं शिपाई मरत राहतात, अशी गोष्ट आहे.

मी इतकी वर्षं गर्दीतच काम करतोय. वरातीत नाचलो, मोर्चात हात वर केले, अंत्ययात्रेत खांदा दिला... पण पडद्यावर एकटा बोललो कधीच नाही. यावेळी पहिल्यांदा एक वाक्य मिळालं होतं. माझं ऐकून ऐकून ते बायकोलाही पाठ झालं होतं आणि जयसिंगपूरच्या ताईनं तर अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं होतं.

सकाळी सेटवर पोचलो तर असिस्टंट म्हणाला की काका, तो सीन कापला, तुम्ही आता आधीच मरताय.

जाड वर्दी चढवली, कपाळाला लाल रंग लावून घेतला आणि बाकीच्या मढ्यांशेजारी आडवा झालो. ऊन मी म्हणत होतं, मानेवरून मुंग्या फिरत होत्या. फार वाईट वाटत होतं, खोटं कशाला सांगू. हे शेवटचं काम, आता पुरे, असं ठरवलं आणि त्यातच कधी डोळा लागला कळलं नाही.

पुढचं मला नंतर इतरांनी सांगितलं. शॉट सुरू झाला होता. साहेबाचं काम करणारे नट आमच्यामधून रुबाबात फिरत होते. त्यांनी विचारलं, "सगळे नीट मेलेत ना?"

मी झोपेतच म्हणालो, "व्हय की."

शेजारचं मढं फिसकन हसलं, मग पलीकडचं... शॉट वाया गेला. मला जाग आली तेव्हा डायरेक्टर उशाशी बसलेले. आता घरी पाठवतात, असं समजून मी माफी मागायला लागलो.

ते म्हणाले, "काका, पडून राहा. तेच परत म्हणा."

जागेपणी ते काही जमेना. एकदा तोंडातून शुद्ध 'होय' निघालं, एकदा आवाज नाटकातल्यासारखा चढला. शेवटी एवढा दमलो की अभिनय करायची ताकदच उरली नाही, आणि शॉट ओके झाला.

बायकोला फोन केला. वाक्य गेलं, एक शब्द उरलाय, म्हटलं. ती म्हणाली, "त्यो तरी ऐकू येतोय न्हवं?"

पॅकअपच्या वेळी डायरेक्टर परत आले आणि पिक्चरच्या शेवटी नावांची पाटी येते त्यात घालायला माझं नाव विचारलं. इतकी वर्षं जिवंत माणसांच्या गर्दीत उभा राहिलो, तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. त्यांचे आभार मानायचे राहूनच गेले... कारण नाव सांगायची वेळ आली आणि माझा आवाजच फुटेना.