मार्थाबाईला मी वाचून दाखवलं ते

"वाच, सुमन," मार्थाबाई म्हणाली. मी पुस्तक उघडलं, ओळीवर बोट ठेवलं, आणि जे तिथे नव्हतं ते वाचलं. विश्वास ठेवणाऱ्याने औषध टाकून द्यावे — असं. मोठ्यानं, शास्त्र वाचायच्या सुरात. बायका "आमेन" म्हणाल्या.

त्या पानावर काय होतं? आजारी माणसासाठी मंडळीनं प्रार्थना करावी, एवढंच. औषध टाका असं कुठेच नव्हतं. अक्षरं मोठी होती, माझे डोळे चांगले होते, दुपारचं ऊन अंगणभर होतं. चुकून झालं म्हणायला जागाच नाही.

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. पाळकांना नाही, पोरांना नाही. प्रार्थनेतसुद्धा मी याला वळसा घालून जाते — देवाला माहीतच आहे, मग कशाला काढायचं, असं म्हणून. तुम्हाला सांगते आहे.

आमचं गाव चिचगडच्या पुढे, जंगलाला लागून. ख्रिस्ती घरं मोजकी. पाळक महिन्यातून एकदा देवरीहून यायचे. बाकीचे दिवस मंडळी कोणी सांभाळली? मार्थाबाईनं. तिला अक्षर येत नव्हतं. तिचा नवरा रोज जेवण झाल्यावर तिला शास्त्र वाचून दाखवायचा, आणि ऐकून ऐकून तिचे अध्यायच्या अध्याय पाठ झाले होते. तो गेल्यावर वाचायचं काम माझ्याकडे आलं, कारण आम्हा म्हाताऱ्यांत चौथी पास मी एकटी. रविवारी दुपारी मी वाचायची, ती लाखोरीची डाळ निवडत ऐकायची. मी एखादा शब्द गाळला की तिचा हात सुपातच थांबायचा.

बाहेरून कोणी उपदेशक आला, की त्याचं बोलणं संपल्यावर ती उठायची. "भाऊ, हे कुठं लिहून हाय? सुमन, वाच." एक जण म्हणाला होता, धान कापायच्या आत जग बुडणार, बैल विकून टाका. मार्थाबाईनं जागा विचारली. तो पानं उलटत बसला, घाम पुसत बसला. ती म्हणाली, "शोध, शोध. तोवर भात शिजते." त्याला पोटभर जेवू घातलं आणि बसपर्यंत पोचवून आली. "सापडलं का मंग ये." तो काही परत आला नाही. आमच्या गावात एकही बैल विकला गेला नाही. देवाच्या नावानं कोणी काहीही सांगावं आणि माणसांनी मान डोलवावी, हे तिला सहन व्हायचं नाही. तिच्याइतकी देवाची राखण करणारी बाई मी पाहिली नाही.

मग हा नवा उपदेशक आला. बाहेरचा नव्हता — आमच्याच मंडळीचा पोरगा, रायपूरकडे शिकून तिकडची हिंदी घेऊन परतलेला. बुधवारची बायकांची सभा त्याच्याकडे दिली. तो सांगायचा, दवा घेतली म्हणजे प्रभूवर भरोसा नाही. शेजारच्या शीलाला सिकलसेल, रक्ताचा जन्माचा आजार. तिला सरकारी दवाखान्यातली गोळी रोज लागायची. त्या बुधवारी शीलानं गोळ्यांची पुडी आणून त्याच्या पायाशी ठेवली. तो मोबाईलमधून हिंदीत काहीतरी वाचून दाखवायला लागला, अध्याय सांगितला, आणि मार्थाबाई उठली. पुस्तक माझ्या हातात होतं.

का केलं मी? आठ दिवस आधी तो मला म्हणाला होता, "माताजी, आप पढीलिखी हो. ये मंडली आपको चलानी चाहिए. अनपढ बाई के पीछे कब तक?" मला ते गोड लागलं. धानाची रोवणी करताना आठवडाभर मी तेच चघळत होते. गावात मला मार्थाबाईचे डोळे म्हणायचे. डोळ्यांना कोण विचारतं? — हे खरं कारण. दुसरं नाही.

मी वाचलं तशी मार्थाबाईनं लगेच मान हलवली. "असं नाही ते. पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. तेच शब्द, एकही न बदलता. आवाजसुद्धा हलला नाही. आणि मार्थाबाई खाली बसली. कोणा पुरुषासमोर न बसलेली बाई मी रचलेल्या ओळीपुढे बसली.

पुढच्या आठवड्यात शीला धानाच्या बांधीत गार पाण्यात रोवणीला उभी राहिली आणि तिथेच कोसळली. उचलून घरी आणली, तर हाडं फोडल्यासारखी ओरडत होती. उपदेशक डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करत होता. मार्थाबाई चिखलाच्या पायांनी आत आली. शीलाची सासू म्हणाली, "बाई, दवाखाना कायले? शास्त्रात तर —"

"लिहून असन," मार्थाबाई म्हणाली. "मेल्यावर मी देवालेच विचारीन. आता गाडी बोलवा."

विचार करा. शास्त्र आपल्या विरुद्ध आहे असं वाटत असताना ती गाडीत बसली. मी तिथेच दाराशी उभी होते. तेव्हाही बोलले नाही.

शीलाला रक्त चढलं. ती बरी होईपर्यंत मार्थाबाई तिच्या खाटेखाली फरशीवर झोपली. परत आल्यावर उपदेशक म्हणाला, शीलानं साक्ष द्यावी, प्रार्थनेनं बरी झाली म्हणून. मार्थाबाईनं विचारलं, "रक्त काय तुहं चढलं होतं?" बायका पदर तोंडाला लावून हसल्या. धान कापायच्या आत तो निघून गेला.

मग काय बिघडलं? मी स्वतःला हेच सांगत राहिले. पण त्यानंतर मार्थाबाई कोणत्याही उपदेशानंतर उठली नाही. जमिनीकडे बघत बसायची. सभेत "सुमन, वाच" पुन्हा कधी म्हणाली नाही. एका रविवारी डाळ निवडता निवडता बोलली, "माह्या बुढ्यानं ते वाक्य मले कधी वाचूनच नाही दाखवलं. काऊन लपवलं असन?"

पुस्तक माझ्या मांडीवर होतं. तेच पान उघडायचं होतं फक्त. मी दुसरा अध्याय काढला आणि वाचायला लागले. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. शीलाची पोरगी दहावीला, तिच्याकडून ती केव्हाही वाचून घेऊ शकली असती. घेतलं नाही. मी वाचलं होतं ना.

मार्थाबाई मागच्या उन्हाळ्यात गेली, नवऱ्यानं आपल्यापासून काहीतरी लपवलं असं समजून. मातीच्या वेळी वाचायला मलाच सांगितलं. मी सगळं बरोबर वाचलं.

शीला जिवंत आहे, रोज गोळी घेते. मीही जिवंत आहे.