नावाड्याच्या पोरीची पोथी

मुलांसाठी कादंबऱ्या लिहिणारी बाई म्हणजे रिकामटेकडी, असा पुष्कळांचा समज असतो. साठ सालाच्या आसपास मी दौंडला शाळेत शिकवत होते, घरी दोन्ही वेळचा स्वयंपाक करत होते आणि उरल्यासुरल्या वेळात पेशवाईतली एक गोष्ट लिहून काढली होती. भीमेवरच्या नावाड्याची अडनिड्या वयाची पोर. बाप आजारी पडतो आणि पुरातून खलिते पलीकडं न्यायचं काम तिच्यावर येतं. शेवटचा खलिता ती पोचवते, पण परतताना नदी तिला घेऊन जाते. माझा भारी जीव होता त्या पोरीवर.

पुस्तक निघालं, पण पुण्यातल्या एका मासिकाला ती पटली नाही. ‘अशी मुलगी कुणालाच खरी वाटणार नाही,’ असं परीक्षणात ठणकावून लिहिलं होतं. प्रकाशक घाबरले. मला समोर बसवून म्हणाले, “दुसऱ्या आवृत्तीत मुलगा करा. नाहीतर छापणं अवघड आहे.” विचार करून सांगते म्हणून मी उठले, पण गाडीत बसले तरी कान तापलेलेच होते. माझ्या पोरीला काय मिशा चिकटवू? तरी ते वाक्य आत रुतून बसलं होतं. खरंच कुणाला ती खरी वाटत नसेल तर काय करायचं?

त्याच पावसाळ्यात माझी एक विद्यार्थिनी सातवी होऊन वडगाव रासाईला आपल्या घरी परतली. जाताना मी तिला पुस्तक दिलं. त्यांच्याकडं श्रावणात पोथी बसायची. ही मुलगी रोज एक अध्याय वाचायची, आळीतल्या बायका ऐकायच्या, आणि शेवटच्या दिवशी समाप्तीला पुरणाचा नैवेद्य व्हायचा. त्या वर्षी पोथी लवकर संपली. तेव्हा आजीनं माझं पुस्तक पाटावर ठेवलं, हळदकुंकू वाहिलं आणि नातीला म्हणाली, वाच. पोथीची पुढची पानं आधी चाळायची नसतात, त्यामुळं शेवट कुणालाच ठाऊक नव्हता. मुलीचे वडील मुद्दाम दौंडला आले. “बाई, आयतवारी तुमच्या पोथीची समाप्ती हाय. जेवायलाच या.”

ठेवणीतलं पातळ नेसून मी एस.टी.नं आणि पुढं बैलगाडीनं गेले. मानाचं पान मिळणार म्हणून वाटेतच फुगले होते.

दारात पुरणाचा वास नव्हता. चूल थंड होती. ओसरीवर बायका भर दुपारी ओले केस मोकळे सोडून गप्प बसल्या होत्या. मी चरकले. “आजी, कुणी गेलं का?”

आजी माझ्याकडं बघतच राहिल्या. “तुमीच इचारता व्हय, बाई? सकाळी शेवटचा अध्याय झाला. पोर गेली न्हवं आपली.”

जवळचं माणूस गेल्याचं कळल्यावर घेतात तसं सगळ्यांनी डोक्यावरून पाणी घेतलं होतं. अशा घरी चूल पेटत नाही, शेजारी जेवण देतात. रोज ऐकायला येणाऱ्या शेजारच्या मुसलमान चाची घरून भाकरी-पिठलं घेऊन आल्या. मला वाढताना म्हणाल्या, “दोन घास खावा, बाई. तुमचं तर पोटचंच लेकरू.”

तोंड सुतकी ठेवून मी भाकरी मोडत होते आणि आत आनंदाला नुसतं उधाण आलं होतं. असं जेवण कुठल्या लेखिकेच्या नशिबात असतं? पण आजींचे लाल झालेले डोळे बघवेनात. म्हटलं, “एवढं मनाला लावून घेऊ नका, आजी. ती खरी नव्हती. मी रचली होती तिला.”

आजींनी हातातला घास खाली ठेवला. “आसं म्हनू न्हाई. गेलेल्या मानसाबद्दल आसं बोलत्यात व्हय?”

मग मीही सुतकातलं म्हणूनच ते जेवण जेवले.

पुढच्याच सुट्टीला पुण्याची गाडी धरली. प्रकाशकांना म्हटलं, “मुलगा होणार नाही. त्या परीक्षणवाल्यांना सांगा, वडगावात तिच्या नावानं आंघोळी झाल्यात.” ते आधी हसले. मग त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि आतल्या माणसाला हाक मारून कागद किती शिल्लक आहे ते विचारलं.

दुसरी आवृत्ती निघाली, पोर पोरच राहिली. पहिली प्रत मी वडगावला धाडली. आजींचा उलट निरोप आला: “पुस्तक पोचलं. पर आत्ता वाचनार न्हाई. पुढच्या श्रावनात तिचं वर्स हाय, तवा पाटावर ठिवू. तुमी घरच्या मानसावानी आदल्या दिशीच या.”