पेवातली ज्वारी आणि तांब्याचा गंज

माझे धाकटे मामा बसऱ्याहून परत आले तेव्हा त्यांच्याजवळ एक पितळी बिल्ला, एक हिवताप आणि एक वही होती. लढाईत ते लढले नव्हते. गोऱ्या पलटणीच्या कोठीवर कारकून होते. तिथल्या एका सार्जंटाने त्यांना सातूची बीअर घरच्या घरी कशी करतात ते सांगितलं आणि मामांनी ते मोडीत उतरवून घेतलं. ती वही ते पाटावर ठेवून, हात धुऊन उघडत.

मी तेव्हा कारंज्याला शाळामास्तर होतो आणि मामा माझ्याकडेच राहत. मामी मालेगावला माहेरी होती. नवरा आधी परमुलखात, आला तर भाच्याच्या घरी. तिच्या भावाने स्वच्छ सांगितलं होतं की आधी कमाई दाखवा, मग बायको न्या.

त्या हिवाळ्यात कापसाच्या जिनातल्या गोऱ्या इंजिनियरशी मामांची ओळख झाली. त्याची बीअर मुंबईहून येई आणि वाटेत निम्म्या बाटल्या फुटत. तो म्हणाला, चांगली करून दाखव, दर हंगामाला तुझ्याकडूनच घेईन. परवान्याचं मी पाहतो. फक्त जिन बंद होऊन मी जायच्या आत एक बाटली माझ्या टेबलावर पाहिजे. मामांनी त्याच दिवशी मालेगावला कार्ड टाकलं : पाडव्यानंतर न्यायला येतो.

सातू आमच्याकडे मिळेना, म्हणून ज्वारीची करायची ठरली. मग भांडी निवडणं सुरू झालं, आणि त्यात माझं वाचन आडवं आलं. लोखंडी कढई सर्वांत स्वस्त, पण तीत रस काळा पडेल असं मीच म्हणालो. जर्मनचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं, भांडं हलकं होतं, पण मामांना ते भांडं वाटेना. नवा तांब्याचा गंज, म्हणजे मोठं उभं पातेलं, परवडत नव्हता. आम्ही तांबटाच्या दुकानात इतक्या वेळा गेलो की त्याने आम्हाला बसा म्हणायचं सोडलं.

“एवढा मोठा कायले पाह्यजे? लगन हाय का घरी?”

“ज्वारीचा काढा उकळायचा हाय,” मामा म्हणाले. “खाली तोटी पाह्यजे.”

“मंग आंघोळीचा बंब न्या ना.”

“बंबात मधातून नळकांडं असते. गाळ अडकते त्यात.”

“सहा खेपा झाल्या तुमच्या. दुकानातला गाळ तुमीच हा आता.”

शेवटी दोघा भावांच्या वाटणीत निघालेला एक तांब्याचा गंज मिळाला. जुना पण जाड. दुसऱ्याकडे जाऊ नये एवढ्याचसाठी दोघांनी तो विकला होता. त्याला कल्हई झाली, तोटी बसली. चोथा गाळायला बुरडाकडून टोपली विणून घेतली. रस तासन्‌तास गरम राहावा म्हणून गंज कुटारात, म्हणजे धान्याच्या भुशात, पुरून ठेवायची युक्ती मामांचीच, आणि ती खरोखर चांगली होती. आंबवायला रांजण आणला; पहिले दोन पाझरले, तिसरा टिकला. पाण्याची ऊब मोजायला डॉक्टरांची ताप पाहायची नळी मागून आणली. ती फक्त माणसाच्या तापापुरती केलेली असते हे ती गंजात फुटल्यावर कळलं.

या सगळ्यात होळी आली. पैसा भांड्यांत संपला होता, म्हणून ज्वारी तेवढी आम्ही स्वस्त घेतली. एका व्यापाऱ्याने दोन वर्षांपूर्वीचं पेव उघडलं होतं. जमिनीखालच्या त्या कोठारातला दाणा नव्या ज्वारीच्या निम्म्या भावात मिळाला.

वहीप्रमाणे दाण्याला आधी मोड यायला हवेत. मोडाशिवाय रसाला गोडी नाही आणि गोडीशिवाय बीअर नाही. आम्ही ज्वारी भिजवून पोत्यात बांधली. तिसऱ्या दिवशी काही नाही. उबेची गरज असते असं मी कुठेतरी वाचलं होतं, म्हणून पोतं चुलीजवळ नेलं. आठव्या दिवशी वांगी घेऊन आलेला माळी ओसरीवरच थबकला.

“मास्तर, काय सडवून राह्यले?”

“मोड आणतो आहोत.”

त्याने मूठभर दाणे काढून हुंगले. “हे तं पेवातली हाय. पेवातली जवारी खायाची असते बाप्पा, पेराची नसते. आत गरमीनं मरून जाते ते. लहान पोट्ट्यालेबी ठाऊक असते.”

“मंग विकणाऱ्यानं सांगितलं काहून नाई?” मामा म्हणाले.

“मोड आनाचे हाय, असं म्हनलं होतं का तुमी त्याले?”

आम्ही त्याला फक्त स्वस्तातली दे म्हटलं होतं.

माळ्याने आढ्याला टांगलेल्या बियाण्याच्या कणसांतली ज्वारी आणून दिली. तिला दुसऱ्याच दिवशी मोड आले, पांढरेशुभ्र. पण पुढची कृती दहा दिवसांची होती आणि साहेब चार दिवसांनी निघणार होता. थांबता येईल का विचारायला मामा बिल्ला लावून बंगल्यावर गेले. खुर्च्या गाडीवर चढल्या होत्या. साहेबाला बीअर आठवायला थोडा वेळ लागला. आठवल्यावर तो हसला, हात मिळवला आणि पुढच्या वर्षी बहुधा आपली दुसरीकडे बदली होईल म्हणाला. हात मिळवल्याचं मामांनी मला दोनदा सांगितलं.

पाडवा झाला. मामांनी मला पत्र लिहायला लावलं की प्रकृती बरी नाही, येणं लांबलं. मी लिहिलं, शाळेत मुलांना खोटं बोलू नये असं शिकवून आलो होतो त्याच संध्याकाळी. उत्तर आठ दिवसांत आलं. अक्षर मामीच्या भावाचं होतं. प्रकृतीस जपावे, न्यावयास येण्याची तसदी घेऊ नये.

“त्यानंच मनानं लिहिलं असन,” मामा म्हणाले. “तिले ठाऊकबी नसन.”

मामीला लिहिता येत नव्हतं. मजकुराखाली, खरेदीखतावर असतो तसा, तिचा अंगठा होता. मामांनी तो उजेडात धरून पाहिला, पत्राची घडी केली आणि माळ्याची की बाजारची, कोणती भाजी आणू म्हणून मला विचारलं. मी काहीही आणा म्हणालो. ते पिशवी न घेताच बाहेर पडले.