उजव्या खिडकीतला हात

सुपडूभाऊंना सारं जळगाव ड्रायव्हर म्हणून ओळखायचं, पण जन्मभर त्यांनी चालवली ती एकच गाडी. चंपालाल शेठनी एका संस्थानिकाकडून घेतलेली इटालियन मोटार. लांब नाकाची, दोनच दारांची, काळपट लाल. लांबच्या प्रवासाला वाऱ्यासारखी पळावी म्हणून बनवलेली. इथे ती शेठच्या कापसाच्या जिनिंगपासून बाजारपेठेपर्यंत बैलगाड्यांच्या मागे कुरकुरत जायची.

तिचं स्टिअरिंग डावीकडे. वळणाचे दिवे एकदा गेले ते पुन्हा कुठे मिळाले नाहीत. त्यामुळे उजवीकडे वळायचं झालं की सुपडूभाऊ म्हणत, "शेठ, हात!" आणि शेजारी बसलेले शेठ निमूटपणे खिडकीतून हात बाहेर काढत. बाजारात थट्टा व्हायची, "शेठ, पगार कोण कोणाला देतं?" शेठ हसून म्हणायचे, "गाडी त्याची. मी नुसता हात."

शेठ वारले. त्यांच्या पत्नी झमकूबाई रोज सकाळी त्यांच्या नावाने गाडीच्या शेडमध्ये चिमण्यांना ज्वारी टाकू लागल्या. सुपडूभाऊही त्यात आपली एक मूठ घालत. चिमण्यांच्या मागून उंदीर आले. जैनाचं घर, औषध घालायचा प्रश्नच नव्हता. सुपडूभाऊ पिंजरा लावत आणि सापडलेला उंदीर सायकलवरून नेऊन मेहरुण तलावाकडे सोडत.

"तुम्ही घर येवाना आगोदर तो येई जास," त्यांची बायको भिकुबाई म्हणायची.

एक्क्याण्णव साली जिनिंग विकायचं ठरलं. शेड रिकामी करणं आलं. शेठचा मुलगा शांतीलाल याने पेपरात गाडीची जाहिरात दिली. इंदूरच्या एका शौकीन गृहस्थांचा फोन आला. येऊन बघेन, गाडी चालू असेल तरच घेईन, म्हणाले, आणि तुमच्याच ड्रायव्हरने ती आणून द्यावी. नाहीतर धुळ्याचा भंगारवाला होताच.

सुपडूभाऊंनी पांढरा सदरा इस्त्रीला दिला. शेठना घाटात चक्कर यायची, म्हणून ही गाडी सातपुड्यापलीकडे कधी गेलीच नव्हती. एकदा तरी ती मोकळी पळावी आणि पळवणारे आपण असावं, एवढंच आता त्यांना हवं होतं.

मध्येच हिवतापाने ते अंथरुणाला खिळले. उठून शेडमध्ये आले ते इंदूरचे गृहस्थ येण्याच्या आदल्या सकाळी. किल्ली फिरवली. गाडी गप्पच. बॉनेट उघडलं, तर तारा कुरतडलेल्या, आणि त्यांच्यामध्ये चिंध्या-कापसाचं मऊ घरटं. आत मिटल्या डोळ्यांची गुलाबी पिलं.

"उंदिरसनी बठ्ठ्या तारा खाई टाक्यात," ते शांतीलालला म्हणाले.

मिस्त्रीला बोलावलं. तो म्हणाला, "संध्याकाळपर्यंत नव्या तारा ओढून देतो. आधी हे काढा."

झमकूबाई दारात उभ्या होत्या. "हलवली तर मरतील रे ती."

"बाई, एवढी गाडी भंगारात जाईल!" शांतीलाल आईवर वैतागला.

"मी नाही म्हणत नाही. हे असते तर काय म्हणाले असते, ते सुपडूभाऊंना माझ्यापेक्षा जास्त माहीत."

सुपडूभाऊंचा हात घरट्यापर्यंत गेला होता. तो तिथेच थांबला. मग त्यांनी तो मागे घेतला आणि बॉनेट अगदी हलक्या हाताने, आवाज न करता टेकवलं.

इंदूरचे गृहस्थ आले. गाडीभोवती फिरले, तिच्या नाकावरून हात फिरवला. शांतीलालने आठवडाभराची मुदत मागितली. "बंद गाडी आपण घेत नाही," म्हणाले आणि चहा अर्धाच ठेवून गेले.

पिलांचे डोळे उघडले, ती पांगली. त्यानंतर धुळ्याचा ट्रक आला. गाडीला दोर बांधला. स्टिअरिंग धरायला कोणीतरी हवं होतं.

"मी बसतो," सुपडूभाऊ म्हणाले. अंगात इस्त्रीचा सदरा होता.

गाडी फाटकाबाहेर पडली. इंजिन मुकं, नुसता टायरांचा आवाज आणि काचेवर पुढच्या ट्रकचा धूर. पानटपरीवरचे लोक बघत राहिले. आज कोणी थट्टा केली नाही. धुळे रस्त्याला लागताना उजवं वळण आलं.

"शेठ, हात," सुपडूभाऊ म्हणाले.

मागून येणाऱ्या टेम्पोने जोरात हॉर्न दिला. दोर ताणला गेला आणि गाडी तशीच वळली.