लान्सरला जोडीदार

पेठजवळ माझी जुनी लान्सर बंद पडली, तेव्हा मागून आलेली तशीच पांढरी लान्सर शेजारी थांबली. जपानी बनावटीची पंचवीस वर्षांची गाडी, पण तिच्या दारात मला माझा चेहरा दिसत होता.

साठीचे एक शेतकरी अनवाणीच उतरले. पेडलला माती लागू नये म्हणून चपला काढून ठेवलेल्या. माझं नावही न विचारता त्यांनी बॉनेट उघडलं, मला चावी फिरवायला लावली आणि डोळे मिटून ऐकलं.

“डिस्ट्रिब्युटरची कॅप तडकलीय. प्लगला करंट जात न्हाई.”

डिकीतून फडक्यात गुंडाळलेली कॅप काढून त्यांनी बसवलीसुद्धा.

“ही तुमच्या गाडीसाठी जपली असेल ना?” मी संकोचून विचारलं.

“एकच व्हती. पण पावणं, आमच्या भागात आता ही गाडी दिसतच न्हाई. तुमची बंद पडली, तर माझी एकटी पडंल की!”

घरचे माझी गाडी भंगारात द्या म्हणत होते. ते मला या शेतकऱ्यांना सांगवलं नाही.

नारायणगावपर्यंत ते पुढे, मी मागे. बाजारात टोमॅटोच्या टेम्पोंमुळे वेग मंदावला, तशी माणसं वळून बघू लागली. मी नकळत ताठ बसलो. पुढे त्यांनी काच खाली केली, माझ्याकडे हात केला आणि साऱ्या रस्त्याला ओरडून सांगितलं,

“दोन हायेत, दोन!”